पाळी गेली, दात हलायला लागले, आणि मधे जबड्याचं हाड

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून राहून मला आता पिशवीत काय जातंय त्यावरून गिऱ्हाइकाचं वय सांगता येतं. पंचेचाळीस-पन्नासच्या बायका आल्या की आधी कॅल्शियमची स्ट्रिप, मग व्हिटॅमिन डीचं सॅशे, आणि मग जरा घुटमळून, मागे कुणी ओळखीचं उभं नाही ना ते बघून, "ताई, तोंडाची आग होते त्याला काही आहे का" नाहीतर "दात जरा हलल्यासारखा वाटतोय, एखादं जेल द्या ना". पहिल्या दोन गोष्टी चिठ्ठीवर असतात, तिसरी त्यांची त्या मागतात, आणि या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्याही बऱ्याचदा येत नाही, हे मी रोज चिठ्ठ्या वाचते म्हणून सांगते.

मी डी.फार्म. केलंय, कराडला आमचं मेडिकल आहे, आणि मागच्या वर्षी माझे स्वतःचेच खालचे पुढचे दोन दात एकमेकांपासून लांब सरकायला लागले, पूर्वी जिथे फ्लॉसचा दोरा ओढून घालावा लागायचा तिथे आता भाकरीचा तुकडा अडकायला लागला. त्यानिमित्ताने हे सगळं वाचून काढलं, विचारून घेतलं. गुडघे आणि कंबर यांच्याबद्दल पाळी गेल्यावर सगळे बोलतात, जबड्याचं हाड हेही हाडच आहे हे कुणी बोलत नाही, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी दात उभा कशावर असतो ते. दात हाडात घट्ट चिकटलेला असतो असं आपल्याला वाटतं, तसं नसतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधे जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत बारीक तंतूंचं जाळं असतं, दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. म्हणून निरोगी दातसुद्धा चावताना अगदी कणभर खाली दबतो आणि परत वर येतो. ते तंतू ज्या हाडात रुतलेले असतात त्याला अल्व्हिओलर बोन म्हणतात आणि हे हाड जरा वेगळंच आहे. ते दातासाठीच असतं. दात येताना त्याच्याबरोबर बनतं, दात काढला की त्याला काही काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं, इतक्या पटकन की दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची जवळजवळ निम्मी रुंदी जाते आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतच गेलेला असतो. शिवाय शरीरातल्या बाकी बऱ्याच हाडांपेक्षा या हाडाची मोडतोड आणि नवी बांधणी जास्त वेगाने चालू असते, कारण दर घासाला त्याच्यावर जोर पडतो.

ही मोडतोड आणि बांधणी म्हणजे आपल्याकडच्या रस्त्याच्या कामासारखी आहे. एक टोळी जुना रस्ता उकरत पुढे जाते, त्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि मागून दुसरी टोळी खडी-डांबर भरत येते, त्या ऑस्टिओब्लास्ट. जेवढं उकरलं तेवढं भरलं की रस्ता टिकतो. अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन यातला मुकादम. तो उकरणाऱ्यांना आवरून धरतो, त्यांची संख्या वाढू देत नाही आणि त्यांचं काम झालं की त्यांना घरी पाठवतो. पाळी जाते म्हणजे मुकादमच जातो. मग उकरणारे वाढतात, जास्त दिवस थांबतात, जास्त खोल उकरतात, भरणारेही घाईने कामाला लागतात पण त्यांना गाठता येत नाही. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर रँकल नावाचं एक प्रोटीन उकरणाऱ्या पेशींना तयार करतं आणि कामाला लावतं, इस्ट्रोजेन कमी झालं की रँकल वाढतं, त्याला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याच्यापुढे कमी पडतं, आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही सूज वाढवणारी मंडळीही जोरात येतात. ही शेवटची तीन नावं लक्षात ठेवा, हिरड्यांच्या गोष्टीत ती परत येणार आहेत.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे आज शेंबड्या पोरालाही माहिती आहे पण हा संबंध पहिल्यांदा नीट मांडला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर ऑलब्राइट यांनी, १९४१ च्या सुमारास, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता १० ते २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्य देशांत ५१ च्या, म्हणजे आपल्या बायकांचा मुकादम चार-पाच वर्षं आधीच रजेवर जातो. आणि हाडातला जो जाळीदार, स्पंजसारखा भाग असतो तो आधी जातो कारण त्याला उकरायला पृष्ठभाग जास्त मिळतो. मणक्यात तो भरपूर असतो. दातांच्या मुळांच्या मधल्या हाडातही तोच असतो.

आता माझ्याकडे येते. आमच्या गावात हिरड्यांची स्पेशालिस्ट एक मुलगी आहे, माझ्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, तिच्याकडे गेले. खुर्चीत बसल्यावर तिने दात बघायच्या आधी विचारलं, "काकू, पाळी चालू आहे का गेली? कधी गेली?" मी चाटच पडले. एवढ्या वर्षांत दातांच्या कुठल्याच डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं, आमच्या बाई डॉक्टरांनी, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांनी, कधी दातांचं विचारलं नाही तसंच. मग शुगर विचारली, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, घरात आईचं कमरेचं किंवा मनगटाचं हाड मोडलं होतं का ते विचारलं. मग एक बारीक बोथट सळई घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, आणि प्रत्येक दाताच्या भोवती सहा ठिकाणी ती हिरडी आणि दाताच्या मधे हळूच घालून आकडे सांगायला लागली, असिस्टंट मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." एक ते तीन म्हणजे ठीक, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा झालाय असं धरतात. ऐकताना मी मनात पाढा म्हटल्यासारखी मोजत होते आणि खालच्या पुढच्या दातांना "पाच, सहा, पाच" आलं तेव्हा पोटात गोळाच आला.

मग ओपीजी काढला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा तो लांबट एक्स-रे, हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि मशीन डोक्याभोवती फिरतं तो. तिने स्क्रीनवर दाखवलं. दाताचा वरचा पांढरा भाग जिथे संपतो तिथून दीड-दोन मिलिमीटर खाली हाडाची कड असायला पाहिजे. मागच्या दाढांना तशी होती. पुढच्या दातांना ती बरीच खाली उतरली होती, मुळाचा जवळपास तिसरा हिस्सा हाडाच्या बाहेर. हे मला कळलं असतं. पण मग तिने दुसरीच गोष्ट दाखवली जी मला अजिबात ठाऊक नव्हती. जबड्याच्या अगदी खालच्या कडेला हाडाची एक जाड पांढरी पट्टी दिसते, ती बाहेरची टणक भिंत. साधारण पुढच्या दोन दाढांच्या मुळांखाली जे छोटं छिद्र असतं त्याच्या खाली ही पट्टी किती जाड आहे ते तिने कर्सरने मोजलं. ही पट्टी तीन मिलिमीटरपेक्षा बारीक असली, किंवा तिची आतली कड सरळ गुळगुळीत न दिसता कुरतडल्यासारखी दिसली, तर बाकीच्या शरीरातही हाड विरळ झालेलं असण्याची शक्यता बरीच वाढते. "मी यावरून ऑस्टिओपोरोसिस आहे असं सांगू शकत नाही काकू, पण डेक्सा करून घ्या." डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, त्यात कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे दोनच्या जरा खाली आला. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली केलेली आहे, म्हणजे मी अजून अलीकडच्या काठावर, ऑस्टिओपेनियात.

म्हणजे बघा, दाताच्या फटीत भाकरी अडकते म्हणून गेलेली बाई मणक्याचं निदान घेऊन आली. दातांचा एक्स-रे तर कितीतरी बायका काढतात, रूट कॅनालसाठी, कॅपसाठी. तोच एक्स-रे जरा खालपर्यंत बघितला तर पुढच्या दहा वर्षांतलं एखादं मोडणारं मनगट वाचेल. पण दातांच्या डॉक्टरांची फाइल वेगळी, बाई डॉक्टरांची वेगळी, हाडांच्या डॉक्टरांची वेगळी, आणि तिन्ही फाइली फक्त आमच्या काउंटरवर एकत्र येतात.

आता एक गोष्ट सरळ सांगते कारण पाळीवर सगळं ढकलायची आपल्याला सवय असते. नुसतं इस्ट्रोजेन कमी झालं म्हणून चांगला स्वच्छ दात पडत नाही. दाताभोवतीचं हाड खायला सुरुवात करतो तो हिरडीखाली साचलेला जंतूंचा थर, आणि त्या थराशी लढताना शरीर जी सूज आणतं ती. त्या सुजेत कोण असतं, तर मघाचीच मंडळी, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ. म्हणजे हिरडीच्या बाजूने तीच माणसं उकरायला आलेली आणि आतून मुकादमही गेलेला. म्हणून ज्या बाईच्या हिरड्या पाळी असताना दहा वर्षं नुसत्या रक्ताळत होत्या आणि फारसं काही बिघडत नव्हतं तिचं पाळी गेल्यानंतर दोन-चार वर्षांत हाड झरझर उतरतं. डायबेटिस आणि तंबाखू हे दोघं तर हार्मोनपेक्षाही मोठे गुन्हेगार आहेत, ते असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. आणि पाळी गेल्यावर काही जणींची लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, जिभेची आग होते, लाळ कमी म्हणजे तोंड आपोआप धुतलं जाणंही कमी. तोंडाची आग म्हणून बी-कॉम्प्लेक्स नेणाऱ्या सगळ्याजणींना बी-कॉम्प्लेक्सच कमी असतं असं मला तरी वाटत नाही.

तंबाखूवरून मिश्री आठवली. आमच्या पट्ट्यात अजूनही पहाटे उठून मिश्री लावणाऱ्या बायका आहेत, तव्यावर भाजलेली तंबाखू, बोटाने हिरडीला घासायची, "त्याशिवाय पोट साफ होत नाही" हे कारण. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, त्यातल्या बायका दुकानात येतात. मागच्या हंगामात एक आली होती, पस्तिशीच्या आतलीच असणार, "ताई, दात लई हालतोय, ऊस चावता येईना, गोळी द्या". हिरड्या काळ्या आणि मागे सरलेल्या, समोरचे दात लांब लांब दिसत होते. बोलता बोलता म्हणाली, पिशवी काढलीये, चार वर्षं झाली.

हे बीडचं प्रकरण २०१९ साली पेपरात गाजलं होतं, आठवत असेल. सरकारने समिती नेमली, सर्वेक्षण झालं आणि ऊसतोड कामगार बायकांमधे गर्भाशय काढलेल्यांचा आकडा १३ हजारांच्या वर निघाला, त्यातल्या कित्येक ऐन तिशीतल्या. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, त्यापेक्षा पिशवीच नको असा सगळा तो हिशोब. यात हाडांच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बायकांना कुणी सांगत नाही. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशय ठेवले तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन चालू राहतं (तरी अंडाशय थोडे लवकर थकतात असं दिसलंय). दोन्ही अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका रात्रीत खाली येतं, नैसर्गिक पाळी जाताना शरीराला जी काही वर्षं मिळतात ती मिळत नाहीत, आणि पस्तिशीत सुरू झालेली हाडांची झीज साठीपर्यंत चालणार असते. म्हणून "पिशवी काढली" एवढ्यावर थांबू नका, ओव्हरी ठेवल्यात का काढल्यात हे विचारा, डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. त्या बाईला मी विचारलं. तिला माहीत नव्हतं, कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत होतं.

मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर दात वाचतात का? हा प्रश्न मलाही पडला. अमेरिकेत नर्सेस हेल्थ स्टडी म्हणून मोठा अभ्यास चालू आहे, त्यातल्या पाळी गेलेल्या सुमारे ४२ हजार बायकांना दातांबद्दल विचारलं तेव्हा हार्मोन घेणाऱ्यांमधे दात पडण्याचं प्रमाण जवळपास पाव हिश्शाने कमी निघालं, हे १९९६ चं. ऐकायला भारी वाटतं पण हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जरा बऱ्या परिस्थितीतल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येत नाही. आणि २००२ साली वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिनचा भाग मधेच थांबवला गेला, स्तनाचा कॅन्सर, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका फायद्यापेक्षा जास्त दिसला म्हणून. त्यानंतर मत थोडं मवाळ झालंय, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, वय साठच्या आत असेल आणि गरमीचे झटके सोसवत नसतील तर देतात, पण ते बाई डॉक्टरांनी तुमचा सगळा इतिहास बघून ठरवायचं. नुसते दात वाचवायला म्हणून हार्मोन कुणी देत नाही आणि मागूही नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. हाडांच्या गोळ्या आणि इंजेक्शनं.

आमच्याकडे आठवड्याला एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० ची गोळी बऱ्यापैकी खपते. ती कशी घ्यायची हे मी प्रत्येकीला सांगते, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही. ज्यांना ती सोसत नाही त्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाईन, किंवा सहा महिन्यांनी पोटावर, दंडात नाहीतर मांडीला डेनोसुमॅबचं इंजेक्शन. डेनोसुमॅब म्हणजे रँकललाच पकडून ठेवणारी अँटीबॉडी, मुकादमाच्या जागी भरलेला बदली माणूस म्हणा. ही औषधं चांगली आहेत, मोडणारी खुब्याची हाडं त्यांनी वाचवलीत, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचून बंद करू नका.

पण ती उकरणाऱ्या टोळीला थांबवतात, आणि दात काढल्यावर जखम भरायला थोडं उकरणंही लागतंच. २००३ साली मायामीचे ओरल सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ पेशंट दाखवले ज्यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर किंवा असंच उघडं पडलं आणि भरेचना. ते बहुतेक कॅन्सरचे पेशंट होते, शिरेतून मोठ्या डोसची औषधं घेणारे. जबड्यालाच का, तर तिथली हाडाची उलाढाल जास्त, वरची त्वचा पातळ, आणि तोंडात जंतू सतत हजर. (एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसवर काम करणाऱ्या पोरींचा जबडा असाच सडायचा. जबड्याचं हे वेगळेपण जुनंच आहे.) आठ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस हाड उघडं राहिलं, त्या भागाला कधी रेडिएशन दिलेलं नसलं आणि अशी औषधं चालू असली तर डॉक्टर त्याला एमआरओएनजे, म्हणजे औषधामुळे जबड्याचं हाड मरणं, म्हणतात.

घाबरू नका. ऑस्टिओपोरोसिससाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांमधे हे प्रमाण दहा हजारांत दोन ते पाच इतकं कमी आहे. पण कमी असलं तरी टाळायला सोपं आहे, नुसतं सांगावं लागतं. हाडांचं औषध सुरू करायच्या आधी दातांची एक तपासणी, काढायचा दात असेल तर आधीच काढून जखम भरू द्यायची. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर डॉक्टरांना औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगायचं. अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं त्यामुळे दोन आठवडे बंद करून फार काही साधत नाही. आणि डेनोसुमॅब तर आपल्या मनाने अजिबात पुढे ढकलायचं नाही, डोस चुकला की दबलेली टोळी एकदम सुटते आणि मणके दबण्याचा धोका असतो, त्यात दात काढायचाच असेल तर साधारण दोन डोसच्या मधल्या काळात, मागचा डोस होऊन तीन-चार महिने झाल्यावर बसवतात.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंच्या बाबतीत हे कुणीच कुणाला सांगितलं नाही. सलाईन एका गावात, दाढ दुसऱ्या गावात, दातांच्या फॉर्मवर "चालू औषधे" समोर त्यांनी लिहिलं "बीपीची गोळी", कारण वर्षातून एकदा घेतलेल्या सलाईनला औषध चालू आहे असं कोण म्हणेल? फॉर्ममधे हा प्रश्न वेगळा विचारायला पाहिजे, गेल्या काही वर्षांत हाडांसाठी गोळी, सलाईन किंवा इंजेक्शन घेतलंय का असा. काकूंची दाढेची जागा महिनोनमहिने भरली नाही. पुढे मोठ्या शहरात जाऊन नीट झालं पण जो मनस्ताप झाला तो झालाच.

माझं काय केलं तर खोल सफाई, हिरडी बधिर करून मुळांवरचा दगड झालेला थर खरवडून काढला. इथे तो जुना समज काढतेच, "सफाई केली की दात हलतात". आमच्या दुकानात आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो. हाड आधीच गेलेलं असतं, दगडाने दातांना एकत्र जखडलेलं असतं, तो काढला की जे हलणं झाकलेलं होतं ते जाणवतं आणि हिरडीची सूज उतरल्यामुळे फटीही जास्त दिसतात. पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं, थंड पाणी झणझणायचं. आता खिसे चारवर आलेत. गेलेलं हाड उंचीने परत वर येत नाही, हेही ऐकून ठेवा, काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत हाडाची भर (ग्राफ्ट) घालून थोडं भरून येतं पण सरसकट नाही. कॅल्शियम खाऊन तर नाहीच. कॅल्शियम घ्यायचं ते आहे ते टिकवायला, आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे रोज आंबील प्यायली तरी दूध, दही, तीळ, पालेभाजी सगळं लागणारच. आणि दातातलं कॅल्शियम बाळंतपणात किंवा पाळी गेल्यावर निघून जातं हे खरं नाही, दाताचं इनॅमल एकदा बनलं की त्यातून शरीर काही काढून घेत नाही, जातं ते बाजूचं हाड.

सासूबाईंची खालची कवळी गेली कित्येक वर्षं तोंडात टिकत नाही, बोलताना उडते, त्या चिडून कवळी बनवणाऱ्याला शिव्या घालतात. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा जवळपास चौपट वेगाने झिजतं असं जुन्या लांब पल्ल्याच्या अभ्यासात दिसलंय, आणि इस्ट्रोजेन नसताना ते आणखी. कवळी बसायला उंचवटाच उरत नाही. इम्प्लांटचं विचारलं तर डॉक्टर म्हणाली ऑस्टिओपोरोसिस आहे म्हणून इम्प्लांट करताच येत नाही असं नाही, हाड किती उरलंय ते स्कॅनमधे बघावं लागेल आणि औषधांची यादी आधी हवी. सासूबाई म्हणाल्या, "मला आता या वयात स्क्रू नको." विषय संपला, आम्ही कवळीची पेस्ट वापरतो.

एक राहिलंच. हे सगळं वाचून पुरुष मंडळी पान उलटतील तर थांबा. पुरुषांची हाडंही इस्ट्रोजेनवरच बरीचशी टिकून असतात, त्यांच्या टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमधे बदलतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी जी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं देतात ती सुरू झाली की त्यांचंही हाड असंच पटापट जातं, आणि मग कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब जास्त डोसने, दर महिन्याला वगैरे देतात, तिथे जबड्याचा धोका दहा हजारांत नाही, शंभरांत मोजावा लागतो. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मिसेस ते हाडांचं इंजेक्शन न्यायला येतात, बर्फाच्या पिशवीत घालून देते मी. मागच्या महिन्यात त्यांना विचारलं, दात दाखवलेत का? म्हणाल्या, "त्यांना दाताचा काहीच त्रास नाही." मी म्हटलं नसू दे, पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि दाखवून या.